कानातले कासव आणि कायद्यातले कासव

कॅनडातील टोरांटो शहराच्या पूर्व अंगाला स्कारबरो नावाचा मोठा भाग आहे. १९९८ पर्यंत ते स्वतंत्र शहर होते; त्या वर्षी ते टोरांटोत विलीन झाले. तेथील निम्म्याहून अधिक रहिवासी कॅनडाबाहेर जन्मलेले आहेत आणि भारतीय वंशाच्या कुटुंबांची तेथे मोठी वस्ती आहे. आपल्या बेटावरून कॅनडात गेलेल्या मंडळींमुळे टोरांटो हे नाव आपल्या घरांतही अनोळखी राहिलेले नाही. म्हणून तिकडे काय चालते, काय बदलते, याची चर्चा आपल्याकडे होणे स्वाभाविक आहे.

तिकडे हातकामाच्या दागिन्यांची एक चाल चांगली रुजली आहे. चांदीच्या तारेचे, मण्यांचे, काचेचे किंवा भाजलेल्या मातीचे डूल, पदके, बांगड्या लोक घरी बसून घडवतात. आकार प्राण्यांचे असतात: कासव, घुबड, कोल्हा, मांजर, हत्ती. नाताळच्या आधी शाळांच्या आणि चर्चच्या सभागृहांत हस्तकलेचे बाजार भरतात, तेथे या वस्तू मांडल्या जातात. दागिन्याबरोबर एक चिठ्ठी असते. विक्रीतील काही भाग जखमी वन्यप्राण्यांच्या शुश्रूषेसाठी, बेवारस कुत्र्या-मांजरांच्या आसऱ्यासाठी अथवा एखाद्या दुर्मिळ जातीच्या रक्षणासाठी दिला जाईल, असे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. घेणाऱ्याला दागिना मिळतो आणि थोडे पुण्यही पदरी पडल्यासारखे वाटते.

कोणी म्हणेल, वर्तमानपत्राच्या पानावर डुलांची चर्चा कशाला? आमच्या मते दागिना लहान असला तरी त्याच्यामागे उभा असलेला प्रश्न लहान नाही. मुक्या प्राण्यांचे रक्षण कोणाच्या पैशाने व्हावे आणि कोणाच्या अधिकाराने व्हावे, हा तो प्रश्न आहे. गेल्या काही वर्षांत तो कॅनडात, महाराष्ट्रात आणि आपल्या मॉरिशसमध्येही ऐरणीवर आला आहे. त्याचा विचार भावनेच्या भरात न करता हिशेबाने करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, प्राण्याचा आकार अंगावर बाळगणे ही काही कॅनडाने शोधलेली गोष्ट नाही. आपल्या आज्या-पणज्या पायाच्या बोटांत मासोळ्या घालीत. कोल्हापुरी साजात परंपरेनुसार एकवीस पाने असतात. त्यांतील दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक व पाचू यांची आणि एक डोरल्याचे. दशावतार म्हटले की मत्स्य, कूर्म, वराह आलेच. म्हणजे मासा, कासव आणि डुक्कर यांना सोनाराने सौभाग्यवतीच्या गळ्यात मानाने बसविले होते. नथीत आणि बाजूबंदात मोर दिसे, कड्यांच्या टोकांना मगरीची वा सिंहाची तोंडे असत. कोल्हापूरजवळच्या हुपरी गावाने तर चांदीच्या हातकामावरच नाव कमावले.

परंतु त्याच परंपरेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्राण्याचा आकार घालणे वेगळे आणि प्राण्याचा अवयव घालणे वेगळे. लहान मुलाच्या गळ्यात वाघाचे नख सोन्यात मढवून घालण्याची रीत महाराष्ट्रात होती. पश्चिम भारतात नववधूच्या हातात हस्तिदंती चुडा भरला जाई. हत्तीच्या शेपटीच्या केसाची अंगठी शुभ मानली जाई. कासवाच्या पाठीच्या फण्या आणि डब्या बेटाबेटांवर विकल्या जात. तेव्हा जंगल अफाट आहे आणि वाघ संपणार नाही, असा लोकांचा समज होता. तो समज चुकीचा ठरला.

कायद्याने हा फरक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओळखला. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला. १९७३ मध्ये वॉशिंग्टन येथे दुर्मिळ प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयी करार झाला आणि तो १ जुलै १९७५ पासून अंमलात आला. कॅनडा आणि मॉरिशस हे दोन्ही देश त्यात १९७५ मध्येच सामील झाले, भारत १९७६ मध्ये. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय १९८९ मध्ये झाला. कॅनडाने हस्तिदंत आणि गेंड्याचे शिंग यांच्या व्यापारावरील आपले नियम जानेवारी २०२४ पासून आणखी कडक केले. भारतात हा कायदा केवळ कागदावर नाही, याचा प्रत्यय ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. दूरचित्रवाणीवरील एका लोकप्रिय कार्यक्रमातील स्पर्धकाला गळ्यातील वाघनखाच्या लॉकेटवरून बंगळुरूत अटक झाली.

तेव्हा अवयवाकडून आकाराकडे झालेली वाटचाल ही चांगली वाटचाल आहे, याविषयी दुमत नसावे. वाघनखाऐवजी चांदीचा वाघ गळ्यात आला तर वाघाचे काही बिघडत नाही. आता त्यापुढचे पाऊल असे सांगितले जाते की, चांदीच्या वाघाने खऱ्या वाघाला मदत करावी. येथून हिशेबाला सुरुवात होते.

या कल्पनेला आपल्या बेटाने नकळत एक नाव दिले आहे. इटलीतील पोमेल्लातो या जवाहिराच्या पेढीने १९९० च्या दशकाच्या मध्यास प्राण्यांच्या आकाराच्या छोट्या सोन्याच्या पदकांची एक मालिका काढली आणि तिला 'दोदो' असे नाव दिले. विश्व वन्यजीव निधीच्या इटालियन शाखेला तिच्याद्वारे साह्य देण्यात आले. सतराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या भूमीवरून नाहीसा झालेला, आज आपल्या राजचिन्हावर उभा असलेला हा पक्षी मेल्यानंतर तीनशे वर्षांनी दुसऱ्या प्राण्यांसाठी वर्गणी गोळा करू लागला! झांबियातील दक्षिण लुआंग्वा खोऱ्यात याच विचाराचे आणखी एक रूप पाहावयास मिळते. शिकाऱ्यांनी जंगलात लावलेले तारेचे फासे गस्तीवाले काढून आणतात आणि 'मलबेरी मंगूस' या कारखान्यात स्थानिक स्त्रिया त्या तारेचे दागिने बनवतात. विक्रीतून गस्तीला पैसा मिळतो आणि स्त्रियांना रोजगार मिळतो. ज्या तारेने हत्तीचा पाय कापला असता, तीच तार हार होऊन गळ्यात येते. असा उद्योग आम्हांस विशेष मोलाचा वाटतो, कारण तेथे दागिना, मजुरी आणि रक्षण या तिन्ही गोष्टी एकाच गावात घडतात.

परंतु सर्वच ठिकाणी असे असते काय? एक साधे गणित करून पाहू. समजा, स्कारबरोतील एका बाजारात कासवाच्या आकाराच्या डुलांची जोडी ३० डॉलरला विकली गेली. चांदीची तार, मणी आणि डबी यांना ८ डॉलर लागले. मेजाचे भाडे आणि इतर खर्च वाटून ७ डॉलर धरू. उरले १५ डॉलर. आता ती जोडी घडवायला दोन तास लागले असतील तर घडणावळ किती झाली? कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ऑक्टोबर २०२५ पासून किमान मजुरी तासाला १७ डॉलर ६० सेंट आहे. म्हणजे दोन तासांचे ३५ डॉलर २० सेंट होतात. मजुरी धरली तर या व्यवहारात नफा शिल्लक राहत नाही, उलट २० डॉलरची तूट येते. मग "नफ्यातील दहा टक्के प्राण्यांसाठी" या वाक्याचा अर्थ काय उरला? शून्याचे दहा टक्के शून्यच. "किमतीतील दहा टक्के" असे लिहिले असेल तर मात्र ३ डॉलर नक्की जातील. दोन वाक्यांत एका शब्दाचा फरक आहे, पण सगळा व्यवहार त्या शब्दावर अवलंबून आहे.

या गणितातून दुसरीही एक गोष्ट निघते. अशा दागिन्यात खरे दान कोण करतो? घडविणारी व्यक्ती करते. ती आपली मजुरी सोडून देते. आपल्या भाषेत याला श्रमदान हा उत्तम शब्द आहे. घेणाऱ्याला तीस डॉलरच्या मोबदल्यात तीस डॉलरची वस्तू मिळाली. त्याने चांगली खरेदी केली, पण दान केले असे म्हणता येणार नाही. दुसऱ्याच्या श्रमावर आपण पुण्य मिरविणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्यासारखे आहे.

कॅनडाच्या कर-नियमांतही हाच विचार दिसतो. तेथे नोंदणीकृत धर्मादाय संस्थांची यादी महसूल खात्याने सर्वांसाठी खुली ठेवली आहे. प्रत्येक संस्थेला दरवर्षी आपल्या जमाखर्चाचे विवरण द्यावे लागते आणि तेही कोणाला पाहता येते. संस्थेला पैसे देताना त्या बदल्यात वस्तू मिळाली तर वस्तूची किंमत वजा करून उरलेल्या रकमेचीच करपावती मिळते. वस्तूची किंमत दिलेल्या रकमेच्या ८० टक्क्यांहून अधिक असेल तर साधारणपणे पावती मिळतच नाही, कारण देण्याचा हेतूच तेथे मानला जात नाही. दान आणि खरेदी यांच्यामध्ये इतकी स्वच्छ रेघ आखलेली असताना आपण ती मनातल्या मनात पुसू नये.

आता डुलातल्या कासवाकडून खऱ्या कासवाकडे वळू. स्कारबरोच्या पूर्व टोकाला रूज नदीचे खोरे आहे. त्याच भागात टोरांटोचे प्राणिसंग्रहालय १५ ऑगस्ट १९७४ रोजी सुरू झाले. ते २८७ हेक्टरांवर पसरले असून शहराच्या मालकीचे आहे. या खोऱ्यात ब्लॅन्डिंग जातीची कासवे राहतात. गळा आणि हनुवटी पिवळीधमक, अशी त्यांची खूण आहे. ती दलदलीत राहतात, अंडी घालण्यासाठी मात्र बऱ्याच अंतरावर कोरड्या जमिनीकडे चालत जातात, आणि त्या वाटेवर आज मोटारींचे रस्ते आहेत. मादी वयात यायलाच चौदा ते वीस वर्षे लागतात. अशी एक मादी रस्त्यावर मेली तर तिची जागा भरून यायला दोन दशके लागतात. म्हणूनच एके काळी या खोऱ्यातील ब्लॅन्डिंग कासवे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. २०१४ पासून प्राणिसंग्रहालयात अंडी उबवून, पिल्ले सुमारे दोन वर्षे वाढवून, पुन्हा खोऱ्यात सोडली जातात. २०१५ मध्ये या खोऱ्याला राष्ट्रीय नागरी उद्यानाचा दर्जा देणारा कायदाही झाला.

डुलांच्या पैशाचा अशा कामाला उपयोग होतो काय? होतो. पिल्लांचे खाणे, औषधपाणी, पाठीला चिकटवायचे छोटे रेडिओ-यंत्र, अशा गोष्टींसाठी प्रत्येक डॉलर कामी येतो. परंतु कासव जगेल की नाही हे यापेक्षा मोठ्या तीन गोष्टींवर ठरते. दलदल शिल्लक राहते काय, रस्त्याच्या कडेला कुंपण आणि खालून वाट होते काय, आणि कायदा कासवाचे घर म्हणजे किती जमीन मानतो.

या तिसऱ्या गोष्टीत मोठा बदल नुकताच झाला आहे, आणि आमच्या लेखाचे खरे निमित्त तेच आहे. ओंटारिओत २००७ चा धोक्यातील जातींविषयीचा कायदा होता. त्यात प्राण्याच्या अधिवासाची व्याख्या बरीच व्यापक होती; ज्या भूभागावर तो प्राणी आपल्या जगण्यासाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष अवलंबून असतो, असा भूभाग त्यात येई. प्रांताचे मुख्यमंत्री डग फोर्ड यांच्या सरकारने 'विधेयक क्रमांक ५' आणले आणि ५ जून २०२५ रोजी त्याला संमती मिळाली. त्यामुळे अधिवासाची व्याख्या आकुंचित झाली. आता प्रामुख्याने प्राण्याचे बीळ, घरटे वा तत्सम राहण्याची जागा आणि तिच्या लगतचा परिसर एवढ्यावर भर आहे. जुन्या कायद्याच्या जागी यावयाचा नवा कायदाही त्याच विधेयकातून मंजूर झाला, आणि परवान्याऐवजी नोंदणी करून काम सुरू करण्याकडे त्याचा कल आहे.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. घरांची टंचाई आहे, अमेरिकेशी व्यापारात ताण आहे, परवाने मिळण्यास वर्षे लागतात आणि त्यामुळे कामे अडून राहतात, असे सरकारचे म्हणणे होते. स्कारबरोसारख्या भागात दोन खोल्यांच्या भाड्यापायी कुटुंबे मेटाकुटीला येतात, हे आपल्या नातेवाइकांकडून आपण ऐकतोच. त्यांना कासव आधी की घर आधी, असा प्रश्न विचारणे सोपे नाही. दुसरीकडे, निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या मंडळींनी आणि मूळ रहिवासी समाजांनी या विधेयकाला कडाडून विरोध केला. उद्यानाच्या आतील जमिनीचा कारभार केंद्र सरकारकडे आहे, तेव्हा तेथील कासवांना थोडे संरक्षण राहील. पण कासवाला उद्यानाची हद्द कळत नाही. ते चालत बाहेर जाते, आणि बाहेर प्रांताचा कायदा लागू होतो. जे कासव आयुष्यभर दलदल, ओढा आणि टेकाड यांच्यात फिरते, त्याचे घर म्हणजे फक्त अंड्यांचा खड्डा, असे मानले तर ते वाचणार कसे? त्या एका व्याख्येने जे गेले ते हजारो डुलांच्या विक्रीने भरून निघणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, कासवाचे डूल घालणाऱ्याने हे विधेयक वाचलेले असावे.

प्राण्यांचे रक्षण दानावर सोपविले तर काय होते, याचा धडा याच प्रांताने आधीच घेतलेला आहे. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालण्यासाठी ओंटारिओत १८७३ मध्ये एक संस्था स्थापन झाली. पुढे अनेक दशके या खासगी धर्मादाय संस्थेच्या निरीक्षकांना पोलिसांसारखे अधिकार होते. जानेवारी २०१९ मध्ये प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाने याला आक्षेप घेतला. जी संस्था सरकारप्रमाणे जनतेला उत्तरदायी नाही, तिला असे अधिकार देणे घटनेत बसत नाही, असा निर्णय दिला. अपील न्यायालयाने तो निर्णय नंतर फिरविला. परंतु त्यापूर्वीच, मार्च २०१९ मध्ये, हे काम आपण सोडत असल्याचे संस्थेने कळविले होते. सरकारी अनुदान या कामास पुरत नाही, अशी तिची तक्रार होती. शेवटी १ जानेवारी २०२० पासून नवा कायदा लागू झाला आणि तपासाचे काम सरकारी निरीक्षकांकडे गेले. भूतदया लोकांची असू शकते, पण कायद्याची अंमलबजावणी वर्गणीवर चालत नाही, असा त्याचा अर्थ आहे.

आपल्याकडेही जुनी क्रूरता-प्रतिबंधक संस्था जाऊन २०१३ च्या प्राणी कल्याण कायद्याने नवी वैधानिक संस्था आली. संस्थेचे नाव बदलले, पण आपल्या गावांतील रस्त्यांवर फिरणाऱ्या बेवारस कुत्र्यांचा प्रश्न सुटला असे कोणी म्हणणार नाही. कारण नुसता कायदा असूनही भागत नाही. कुत्रा पाळणाऱ्याने त्याची नसबंदी करावी आणि पिल्ले रस्त्यावर सोडू नयेत, हे घराघरांत शिकवावे लागते. तेथे सरकारचे हात पोहोचत नाहीत. तेथे शाळेचे आणि आईबापांचे काम असते.

आणखी एक अडचण आहे, ती आवडीनिवडीची. दागिन्यात कोणता प्राणी येतो? देखणा, गोंडस किंवा रुबाबदार. हत्ती हा त्यांतला मानकरी. टोरांटोच्या प्राणिसंग्रहालयातील इरिंगा, टोका आणि थिका या तीन हत्तिणींना थंड हवामानात ठेवू नये, अशी चळवळ झाली. नगरपालिकेने २०११ मध्ये ठराव केला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये ट्रकांतून हजारो किलोमीटरांचा प्रवास करून त्या कॅलिफोर्नियातील अभयारण्यात पोहोचल्या. अमेरिकन दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध निवेदक बॉब बार्कर यांनी त्यासाठी मोठी रक्कम दिली. महाराष्ट्रात जुलै २०२५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणीच्या जैन मठातील महादेवी ऊर्फ माधुरी या हत्तिणीला न्यायालयाच्या आदेशाने गुजरातमधील जामनगरच्या वनतारा केंद्रात नेण्यात आले. तेव्हा लोक रडले, चिडले, आणि ऑगस्टमध्ये हजारोंनी मोर्चा काढला. स्कारबरोत हत्तीण दूर पाठविण्यासाठी चळवळ झाली, नांदणीत ती परत आणण्यासाठी. दोन्हीकडे प्रेम होते. पण हत्तिणीला काय हवे, याचे उत्तर प्रेमाने मिळत नाही. तिचे पाय, तिची नखे, तिचे एकटेपण यांची तपासणी करूनच ते ठरवावे लागते. साजात प्राणी कोरणाऱ्या कोल्हापूरच्या भूमीलाही हा प्रश्न सोपा गेला नाही, यावरून त्याची खोली लक्षात यावी.

आणि जो प्राणी देखणा नाही, त्याचे काय? आपल्याच बेटाकडे पाहू. आपल्या पोर्ट लुईतल्या, ग्रां बेतल्या दुकानांत दोदोचे पदक मिळते. आपला छोटा ससाणा १९७४ मध्ये, म्हणजे स्कारबरोचे प्राणिसंग्रहालय उघडले त्याच वर्षी, जगात केवळ चार उरल्याची नोंद होती. जेराल्ड ड्यूरेल, कार्ल जोन्स आणि १९८४ मध्ये स्थापन झालेली मॉरिशस वन्यजीव प्रतिष्ठान ही संस्था यांच्या श्रमाने तो वाचला. १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास उरलेले गुलाबी कबूतरही वाचले. या पक्ष्यांची चित्रे आपण अभिमानाने मिरवितो.

पण वटवाघळाचे डूल कोणी घालते काय? मॉरिशसचे फळखाऊ वटवाघूळ आपल्या मास्करीन बेटांखेरीज जगात कोठेही नाही. देशी झाडांचे बी रानात दूरवर पसरविण्याचे काम ते करते. २०१५ पासून सरकारी मोहिमांत हजारोंच्या संख्येने त्यांना मारण्यात आले, आणि २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्या जातीला 'धोक्यात असलेली' असे जाहीर केले. अर्थात लिचीच्या आणि आंब्याच्या बागा असलेल्या आपल्या बांधवांचे नुकसान खोटे नाही. वर्षभर जपलेले झाड दोन रात्रींत उघडे पडलेले पाहणे कोणाला रुचेल? झाडांवर जाळी घालण्यासाठी सरकारने अनुदानाची योजना आणली होती. तीच वाट धरून ती लहान बागायतदारापर्यंत, घराच्या अंगणातल्या एका झाडापर्यंत नेली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. या बेटावर चांगल्या स्थितीतील देशी वन दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. वटवाघूळ आपल्या अंगणात येते, कारण त्याचे अंगण आपण घेतले आहे. जो नाहीसा झाला त्याला गळ्यात घालावयाचे आणि जो जिवंत आहे त्याला गोळी घालावयाची, हा न्याय आपल्या दशावतार मानणाऱ्या समाजाला शोभत नाही.

मग हे दागिने घेऊ नयेत काय? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. हातकामाला आपल्याकडे पुन्हा मान मिळावा, हे आम्हांस मनापासून हवे आहे. २०२० मध्ये वाकाशियो जहाज आपल्या प्रवाळांवर आदळून तेल समुद्रात पसरले, तेव्हा लोकांनी उसाचा पाचोळा कापडात भरून, हातांनी शिवून, तेल अडविणारे तरंगते बांध तयार केले होते. ते हातकाम होते आणि ते वेळेवर झाले. परंतु जहाजाने किनाऱ्यापासून किती दूर राहावे, हे शिवणकामाने ठरत नाही. त्यासाठी नियम आणि पहारा लागतो. हात आणि कायदा, दोन्ही हवेत.

म्हणून आमच्या वाचक बंधु-भगिनींना काही साध्या सूचना कराव्याशा वाटतात. स्कारबरोहून कोणी पाहुणा असा दागिना घेऊन आला, किंवा आपल्याच बाजारात तो दिसला, तर चार गोष्टी विचाराव्यात. तो कशाचा बनविला आहे? प्रवाळ, शंख, शिंपले, कासवाची पाठ वा हाड असेल तर तो घेऊ नये. आपल्या समुद्रातून प्रवाळ व शंख-शिंपले काढण्यास मनाई आहे, हे मुलांनाही सांगावे. पैसा कोणत्या संस्थेला जातो, तिचे नाव चिठ्ठीवर आहे काय? तो किमतीचा भाग आहे की नफ्याचा? आणि संस्थेचा जमाखर्च पाहावयास मिळतो काय? उत्तरे मिळाली तर दागिना खुशाल घ्यावा, आणि घडविणाऱ्याच्या श्रमाला पूर्ण दाम द्यावा. घासाघीस करून दोन रुपये वाचवायचे आणि वर भूतदया मिरवायची, असे करू नये.

मराठी शिकविणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनाही एक विनंती आहे. वर्गात साजाची पाने, मासोळ्या, मोराची नथ हे शब्द शिकवा; ते आपल्या मुलांच्या कानावरून झपाट्याने नाहीसे होत आहेत. आणि त्याच तासाला त्यांना ससाणा, गुलाबी कबूतर आणि वटवाघूळ यांचीही ओळख करून द्या. मुलांनी कागदाचे, मातीचे, मण्यांचे प्राणी बनवावेत आणि वार्षिकोत्सवात विकावेत. जमलेला पैसा कोठे गेला याचा हिशेब मुलांनीच फळ्यावर लिहावा. दहा-वीस रुपयांचा का असेना, पण तो हिशेब उघडा असेल. ज्या मुलाला लहानपणी असा हिशेब मांडण्याची सवय लागली, ते मोठेपणी सरकारलाही विचारील की, कायद्यातील कासवाचे घर तुम्ही किती मोठे धरले आहे.